एलायझा: शेळीचं सीरम, दुधाचं ब्लॉकिंग आणि रिकाम्या वेलमधला निळा रंग

शेळीवाली | ९ जुलै, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पाणी गळ्याशी आलं म्हणून धागा काढते आहे.

मी पशुवैद्यक शाखेत पीएचडी करते. विषय शेळ्यांमधला ब्रुसेलोसिस. गाभण शेळ्या मध्येच गाभ टाकतात आणि कच्चं दूध, वार हाताळणाऱ्या माणसालाही महिनोन्महिने ताप चढतो, तोच हा रोग. गावोगाव फिरून सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) गोळा केलं, आता घरगुती इनडायरेक्ट एलायझा बसवायची आहे, म्हणजे सीरममध्ये रोगाविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत का ते रंगाने दाखवणारी चाचणी. तिथेच गाडी रुतली आहे.

माझी पद्धत अशी. हाय-बाइंडिंग ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट. अँटिजेन म्हणून ब्रुसेला या रोगजंतूच्या आवरणातलं एलपीएस, मिलीला १ मायक्रोग्रॅम, कार्बोनेट-बायकार्बोनेट बफर ९.६ पीएच, वेलला १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. सकाळी पीबीएस-ट्वीनने (क्षारांचं बफर आणि थोडं डिटर्जंट) तीन धुणी. मग ५ टक्के स्किम्ड दुधाची पावडर पीबीएसमध्ये, २०० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक तास. सीरम १:१०० त्याच दुधात. शेवटी कंज्युगेट: सशात तयार केलेलं अँटी-गोट आयजीजी, म्हणजे शेळीच्या आयजीजी या अँटीबॉडीला धरणारी अँटीबॉडी, एचआरपी (हॉर्सरॅडिश मुळ्यातलं पेरॉक्सिडेज एन्झाइम) जोडलेली, १:५०००, साध्या पीबीएस-ट्वीनमध्ये. मग टीएमबी, त्या एन्झाइममुळे निळं होणारं रसायन, १० मिनिटं, आम्लाने थांबवून (तेव्हा निळ्याचं पिवळं होतं) ४५० नॅनोमीटरला वाचन.

आणि ओडी (रंगाची तीव्रता) हे असे: खात्रीचं पॉझिटिव्ह १.९, खात्रीचं निगेटिव्ह १.२५, सीरमच न घातलेला ब्लँक १.१. ब्लँक एक पॉइंट एक! टीएमबी घातल्यावर दोन मिनिटांत अख्खी प्लेट निळीशार. जणू आकाशच ओतलंय.

काय काय करून पाहिलं ते सांगते. धुणी तीनाची सहा केली, फरक नाही. ब्लॉकिंग रात्रभर ठेवलं, फरक नाही. दूध १० टक्के केलं, ब्लँक कमी व्हायचा सोडून थोडा वाढलाच. कंज्युगेट १:२०००० केलं तर ब्लँक ०.५ वर आला, पण पॉझिटिव्हही ०.९ वर घसरला. आणि सगळ्यांत चक्रावणारं म्हणजे कंज्युगेट दुधात मिसळून लावलं तर सगळंच विझलं. पॉझिटिव्ह ०.३५!

मार्गदर्शक म्हणतात ब्लॉकिंग कमी पडतंय, वाढवा. पण एमव्हीएस्सीनंतर दोन वर्षं मी माणसांच्या सीरमवर काम केलंय, याच पावडरने, याच बफरने. तिथे ब्लँक ०.०७ च्या वर कधी गेला नाही. तीच पावडर आता का रुसली?

---

गंमतराव | ९ जुलै, रात्री ११.३२

आम्ही कॉमर्सवाले. ब्लॉकिंग म्हणजे व्हॉट्सअॅपवर करतात ते एवढंच ठाऊक. जरा मराठीत सांगाल का? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

अनघड | १० जुलै, सकाळी ७.०५

@गंमतराव, सांगतो. एसटीत चढा. चाळीस सीटं आहेत, तुमची माणसं पंधरा. ती बसली, उरलेल्या सीटवर तुम्ही पटापट रुमाल टाकता, म्हणजे परकं कोणी येऊन बसू नये. प्लेटचं प्लास्टिक पॉलिस्टायरिनचं असतं, त्याला प्रथिनं आपोआप चिकटतात. अँटिजेन आधी बसवायचं, ते झालं कोटिंग. उरलेल्या जागा कुठल्या तरी निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकायच्या, ते ब्लॉकिंग. नाहीतर शेवटी येणारं रंग देणारं कंज्युगेट थेट प्लास्टिकवर बसतं, आणि रोग नसलेल्या वेललाही रंग येतो. त्या खोट्या रंगाला बॅकग्राउंड म्हणतात.

@शेळीवाली, रुमाल २०० चे टाकताय ते बरोबर की ३०० चे हवेत? वेलच्या भिंतीवर जिथवर पुढचं कुठलंही द्रव लागणार, त्याच्या वरपर्यंत ब्लॉकिंग गेलं पाहिजे. कोटिंग १०० आणि कंज्युगेटही १०० असेल तर २०० चालावं, पण पिपेटिंग करताना थेंब भिंतीवर उडतात. मी कायम ३०० घालतो. धुतानाही ३००, आणि प्रत्येक वेळी एक मिनिट भिजू द्यायचं. नुसतं ओतून आपटलं तर धुणं झालं असं आमची पोरं समजतात.

---

प्राची_दिशा | १० जुलै, सकाळी ९.४०

मी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आधी साध्या गोष्टी: टीएमबी बाटलीतच निळं पडलेलं नाही ना? आमच्याकडे एकाने कंज्युगेटचीच टिप टीएमबीच्या ट्रेमध्ये बुडवली होती, पूर्ण दिवस वाया.

दुसरं, पावडर नक्की स्किम्ड मिल्क आहे ना? डेअरी व्हाइटनर नाही ना? त्यात साखर घातलेली असते. किराणा दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी असतात.

तिसरी शंका. दुधात स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं, लॅक्टोपेरॉक्सिडेज. टीएमबीला काय, पेरॉक्सिडेज दिसलं की ते निळं होणार, मुळ्याचं असो की म्हशीचं. पावडर कमी तापमानावर केली असेल तर ते जिवंत राहू शकतं.

---

शेळीवाली | १० जुलै, सकाळी १०.१५

टीएमबी स्वच्छ आहे, पाण्यासारखं. पावडर स्किम्ड मिल्कच, लॅब ग्रेड. व्हाइटनर फक्त चहाला. :)

लॅक्टोपेरॉक्सिडेजचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण मग माणसांच्या सीरमच्या वेळी का नाही झालं?

---

जुनाट पिपेट | १० जुलै, दुपारी २.२०

शेळीवाली ताई, मी निवृत्त माणूस. परळच्या एका लॅबमध्ये आयुष्य गेलं. आमच्या वेळी टीएमबी नव्हतं, ओपीडी नावाच्या रंग देणाऱ्या रसायनाच्या गोळ्या विरघळवायच्या आणि ४९२ ला वाचायचं, नारिंगी रंगाने बोटं रंगलेली. ओपीडी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे हे आम्हाला बरंच उशिरा कोणी सांगितलं, असो.

इतके प्रयोग केलेत, पण एकही प्रयोग एका वेळी एकच प्रश्न विचारणारा नाही. ब्लॉकिंग वाढवा, कंज्युगेट कमी करा, हे औषध झालं. निदान कुठाय? उद्या बाकी सगळं बाजूला ठेवा आणि चार प्रकारच्या वेल लावा, प्रत्येकी तीन:

पहिली, कोटिंग नाही, ब्लॉकिंग आहे, थेट टीएमबी. दुसरी, कोटिंग नाही, ब्लॉकिंग आहे, कंज्युगेट आहे. तिसरी, कोटिंग, ब्लॉकिंग, कंज्युगेट, सीरम नाही. चौथी, कोटिंग, ब्लॉकिंग, सीरम, कंज्युगेट नाही.

पहिली निळी झाली तर प्राचीताईंचं लॅक्टोपेरॉक्सिडेज. दुसरी निळी तर भांडण दूध, प्लास्टिक आणि कंज्युगेट यांच्यात, अँटिजेन सुटलं. फक्त तिसरी निळी तर एलपीएसच्या नमुन्यात काहीतरी घाण आहे. चौथी निळी तर सीरममध्ये, उदाहरणार्थ फुटलेल्या रक्तपेशींचं हिमोग्लोबिन, तेही पेरॉक्सिडेजसारखं वागतं. तुमचे नमुने गावातून उन्हातान्हात आलेत, लालसर असतील काही.

अवांतर: एलायझा १९७१ ची. स्टॉकहोममध्ये एंग्वाल आणि पर्लमान, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये व्हान वीमन आणि स्खुर्स, दोघांनी एकमेकांवाचून. पहिल्यांनी अल्कलाइन फॉस्फटेज घेतलं, दुसऱ्यांनी पेरॉक्सिडेज. आपण आज बहुतेक दुसऱ्यांचंच एन्झाइम वापरतो आणि पहिल्यांचं नाव घेतो.

---

मायक्रोलिटर | १० जुलै, सायंकाळी ६.४८

जुनाट काकांना +१. वाचनखूण साठवली.

मी जर्मनीत पोस्टडॉक करतोय, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पातळ पडद्यावर उतरवून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) हा माझा रोजचा रडीचा डाव. दुधाचं ब्लॉकिंग ब्लॉटमधूनच लोकप्रिय झालं. १९८४ साली एका गटाने दुधाच्या पावडरीच्या बफरला ब्लॉटो असं गमतीचं नाव दिलं आणि जगभरच्या लॅबमध्ये महागडं बीएसए (बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन) सोडून दुधाची पाकिटं आली. स्वस्त आणि मस्त, पण दूध म्हणजे एक प्रथिन नव्हे, ते अख्खं गाव आहे. केसीन फॉस्फोप्रथिन असल्याने फॉस्फेट लागलेली प्रथिनं ओळखणाऱ्या अँटीबॉडीच्या ब्लॉटमध्ये गोंधळ होऊ शकतो. दुधात बायोटिनही असतं, त्यामुळे स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) वापरणाऱ्यांनी त्यापासून चार हात लांबच राहावं.

शेळीवाली, तुमच्याकडे बायोटिनचा संबंध नाही. पण "त्या गावात आणखी कोण राहतं" हा प्रश्न विचारा.

---

शेळीवाली | ११ जुलै, रात्री ९.३०

काका, चारही लावल्या. तीन-तीनची सरासरी:

पहिली ०.०५. दुसरी १.१२. तिसरी १.०८. चौथी ०.०६.

म्हणजे लॅक्टोपेरॉक्सिडेज निर्दोष, माझी लालसर सीरमंही निर्दोष, एलपीएसही निर्दोष. कोटिंग असो वा नसो, दूध लावलेल्या वेलमध्ये कंज्युगेट गेलं की निळं. पण इथे दोन शक्यता उरतात ना? कंज्युगेट दुधातल्या भोकांतून प्लास्टिकवर बसतंय, की दुधावरच बसतंय?

---

वाफाळता चहा | ११ जुलै, रात्री १०.०५

दुधावरच बसतंय. पैज लावतो. :)

मी किट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, पाच वर्षं नुसता बॅकग्राउंडशी मारामारी करतोय. पण पैज बाजूला, आधी पुरावा. तुमच्या जुन्या कामातलं अँटी-ह्यूमन कंज्युगेट फ्रिजमध्ये पडलं असेलच. उद्या दूध लावलेल्या, कोटिंग नसलेल्या वेलमध्ये एका ओळीत अँटी-ह्यूमन, दुसऱ्या ओळीत अँटी-गोट. दोन्ही साध्या पीबीएस-ट्वीनमध्ये, एकाच डायल्युशनला. प्लास्टिक उघडं राहिलं असेल तर दोघंही चिकटतील. दूधच कारण असेल तर एकच चिकटेल.

मला जे वाटतं ते आताच लिहून ठेवतो, उद्या चुकलो तर हसा. शेळी आणि गाय एकाच कुळातल्या, बोव्हिडी. त्यांचं आयजीजी इतकं सारखं असतं की सशाला शेळीचं आयजीजी टोचून जी अँटीबॉडी मिळते तिला गाईचंही ओळखीचं वाटतं. आणि दुधात गाईचं आयजीजी असतं. चिकात तर त्याचा पूरच असतो, वासराला चीक पाजायचा तो त्यासाठीच. पण नेहमीच्या दुधातही लिटरला अर्धा ते एक ग्रॅम असतं.

आता पाटीवर गणित करू. तुमच्या वेलमध्ये २०० मायक्रोलिटर, ५ टक्के, म्हणजे १० मिलिग्रॅम पावडर. दुधातले स्निग्धांशविरहित घन पदार्थ साधारण ९ टक्के धरले, आणि आयजीजी लिटरला अर्धा ग्रॅम, तर पावडरीत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे वेलमध्ये ५० मायक्रोग्रॅम. पावडर करताना उष्णतेने अर्धं मेलं असं समजा, तरी २५ उरलं. तुमचं एलपीएस किती? १०० मायक्रोलिटर, मिलीला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम. ज्याच्यासाठी कंज्युगेट आणलंय त्याच्याच भावकीचं अडीचशे पट प्रथिन तुम्ही स्वतःच्या हाताने ओतताय. त्यातलं सगळं चिकटत नाही, पण चिकटलेले चार-दोन नॅनोग्रॅमही एचआरपी-टीएमबीला पुष्कळ होतात.

अनघड सरांचा रुमाल छान आहे. फक्त इथे रुमाल कंडक्टरच्या मेव्हण्याचा निघाला. कंडक्टर ओळख दाखवायला तिथेच बसला.

---

अनघड | ११ जुलै, रात्री १०.२१

हाहा. आणि माझ्या "३०० घाला" या सल्ल्याने मेव्हणे वाढले असते! सल्ला मागे घेतो. :D

---

जुनाट पिपेट | ११ जुलै, रात्री १०.४०

चहावाले, तुमचं खरं असेल तर ताईंचं ते कोडंही सुटतं. कंज्युगेट दुधात मिसळलं तर सगळं विझलं, कारण दुधातलं मोकळं गाईचं आयजीजी ट्यूबमध्येच कंज्युगेटला धरून बसलं. प्लेटवर जायला उरलंच नाही. साध्या बफरमध्ये दिलं तेव्हा मोकळं कोणी नव्हतं, म्हणून ते प्लेटवर चिकटलेल्या दुधाकडे वळलं. एकाच कारणाची दोन उलटी लक्षणं. मला हे आधी दिसायला हवं होतं, पण शेळीवर मी कधी काम केलं नाही. माणूस, ससा, उंदीर, एवढंच आमचं जग.

---

शेळीवाली | १२ जुलै, सायंकाळी ५.१५

अँटी-ह्यूमन: ०.०७, ०.०६, ०.०७.
अँटी-गोट: १.०९, १.१५, १.१०.

रीडरसमोर उभी राहून एकटीच हसले. शेजारच्या लॅबमधली मुलगी बघायला आली. प्लेटची एक ओळ पाण्यासारखी पांढरी, खालची हळदीसारखी पिवळी, मध्ये फक्त अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक.

चहा, तुम्ही पैज जिंकलात. आणि मी पशुवैद्यक असून शेळी आणि गाय भावकी आहे हे मला कॉमर्सवाल्यांच्या धाग्यावर कळावं! पहिल्या वर्षाला वर्गीकरण घोकलं होतं. पण दुधाची पावडर म्हटलं की डोळ्यांसमोर डबा येतो, गाय येत नाही.

आता ब्लॉक करू कशाने? बीएसए आहे लॅबमध्ये.

---

प्राची_दिशा | १२ जुलै, सायंकाळी ५.५०

बीएसएसुद्धा गाईच्या रक्तातूनच येतं, आणि त्यात आयजीजीचा अंश राहतो. ग्रेड पाहून घ्या. दुधाहून बरं असेल, शून्य नसेल.

आमच्या माणसांच्या बाजूची एक गंमत: काही पेशंटच्या रक्तातच गाईच्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी असतात, दुधाच्या केसीनविरुद्ध, बीएसएविरुद्ध. अशा पेशंटचं सीरम दूध लावलेल्या प्लेटवर टाकलं की रोग नसताना पॉझिटिव्ह. तिथे कंज्युगेट निर्दोष, सीरमच दुधाला जाऊन मिळतं. त्यामुळे संशय आला की आम्ही तो नमुना कोटिंग नसलेल्या, नुसत्या ब्लॉक केलेल्या वेलमध्येही लावतो. दोन्हीकडे सारखा ओडी आला तर अहवाल देत नाही.

---

भुईमुग्या | १२ जुलै, रात्री ८.१०

आमच्याकडे बीएसएने फसवलं होतं. शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) मोजायची कॉम्पिटिटिव्ह एलायझा, म्हणजे विष जितकं जास्त तितका रंग कमी. अफ्लाटॉक्सिन इतकं लहान की त्याला एकट्याला अँटीबॉडी तयार होत नाही, म्हणून ते बीएसएला जोडून सशाला टोचतात. मग सशाच्या सीरममध्ये अफ्लाटॉक्सिनची अँटीबॉडी असते आणि बीएसएचीही. प्लेटवर कोटिंगही अफ्लाटॉक्सिन-बीएसएचं. झालं! सशाचं सीरम टॉक्सिन सोडून बीएसएलाच मिठी मारतं, आणि शेंगदाण्याच्या अर्कात विष कितीही असू दे, रंग कमी होत नाही. आमच्या सरांनी सांगितलं की सीरम आधी मोकळ्या बीएसएमध्ये तासभर मिसळून ठेवा, म्हणजे त्या अँटीबॉडी तिथेच अडकतील. दुसरा मार्ग म्हणजे कोटिंगला अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनला जोडलेलं टॉक्सिन घ्यायचं.

म्हणजे शेळीवाली तैंच्या कोड्यात मोकळ्या आयजीजीने कंज्युगेट मारलं ते वाईट, आणि आमच्याकडे मोकळ्या बीएसएने नको ती अँटीबॉडी मारली ते चांगलं. युक्ती तीच, फक्त कोणाला मारायचं ते माहीत पाहिजे.

---

रानवारा | १२ जुलै, रात्री ८.४५

सोपा उपाय: अँटी-गोट सोडा, प्रोटीन जी-एचआरपी वापरा, प्रोटीन जी हे अँटीबॉडीला धरणारं जिवाणूचं प्रथिन. पुष्कळ प्राण्यांना चालतं.

---

वाफाळता चहा | १२ जुलै, रात्री ९.०२

@रानवारा, नको! प्रोटीन जी शेळीच्या आयजीजीला जसं घट्ट धरतं तसंच गाईच्याही. दूध असेपर्यंत आगीतून फुफाट्यात. प्रोटीन ए तर शेळीच्या आयजीजीला नीट धरतही नाही.

गाईवर ॲडसॉर्ब केलेलं (म्हणजे गाईच्या आयजीजीला चिकटणाऱ्या अँटीबॉडी आधीच काढून टाकलेलं) अँटी-गोट शोधत बसू नका, शेळीवाली. माणूस, उंदीर, ससा यांच्यावर ॲडसॉर्ब केलेलं मिळतं. गाईच्या आयजीजीवर ॲडसॉर्ब करायला गेलं तर दोघींमधलं साम्य इतकं की चांगल्या अँटीबॉडीही बहुतेक त्यातच जातात.

ब्लॉकिंगसाठी माझा क्रम असा. एक, थंड पाण्यातल्या माशांचं जिलेटिन, १ टक्का. महाग आहे, पण फ्रिजमध्ये गोठत नाही आणि गाय-शेळीशी नातं नाही. साधं जिलेटिन ४ अंशांवर जेलीसारखं बसतं, मल्टिचॅनेल पिपेटच्या टिपा बंद. दोन, ओव्हाल्ब्युमिन १ टक्का. तीन, शुद्ध केसीन, हॅमर्स्टेन म्हणतात ते. ते दुधातूनच येतं, पण दूध फाडलं की आयजीजी निवळीत जातं, केसीन छान्यात राहतं. छाना धुवून शुद्ध केलं की आयजीजी बरंच कमी. केसीन विरघळवणं मात्र वैताग. सौम्य अल्कलीत गरम करून ढवळा, मग हळूहळू पीएच ७.४ वर आणा. घाई करून ४.६ च्या जवळ गेलात तर परत पनीर. चौथा पर्याय म्हणजे तुमचं कंज्युगेट सशातलं आहे म्हणून नॉर्मल सशाचं सीरम. चालतं उत्तम, पण पीएचडीच्या बजेटात नाही.

आणि ट्वीनवर भिस्त ठेवू नका. ट्वीन-२० धुण्याबरोबर निघून जातं, ते रखवालदार आहे, भाडेकरू नव्हे. धुण्यात आणि डायल्युशनमध्ये ०.०५ टक्के पुरे. एलपीएस प्लास्टिकला चरबीच्या टोकाने चिकटलेलं असतं, ब्लॉकिंगमध्ये ढीगभर डिटर्जंट घातलंत तर कोटिंगच सैल व्हायचं.

---

गंमतराव | १२ जुलै, रात्री ९.३०

अंडं, मासा, पनीर, दूध. धागा पाककृती विभागात हलवावा अशी विनंती. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

---

शेळीवाली | १६ जुलै, रात्री १०.५०

उशिराबद्दल क्षमस्व. माशांचं जिलेटिन शेजारच्या विभागातून थोडं मागून आणलं, ओव्हाल्ब्युमिन आमच्याकडे होतं.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. ब्लॉकिंग बदललं, पण सवयीने सीरम मात्र दुधातच डायल्यूट केलं. बाटली हाताशी होती. सीरमच्या ओळींत निगेटिव्हला ०.४५. वाटलं सगळंच फसलं, चहा चुकले. मग वही पाहिली, माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "सीरम १:१००, दूध बफर". जिलेटिनने सोडलेल्या फटींत दूध जाऊन बसलं असणार.

काल पुन्हा लावलं. दुधाची बाटली उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली, खरंच. ब्लॉकिंग २०० मायक्रोलिटर, सीरमही त्याच बफरमध्ये, कंज्युगेट १:५०००, त्यात पाव टक्का तेच ब्लॉकिंग.

माशांचं जिलेटिन: ब्लँक ०.०८, निगेटिव्ह ०.१९, पॉझिटिव्ह १.८.
ओव्हाल्ब्युमिन: ब्लँक ०.११, निगेटिव्ह ०.२२, पॉझिटिव्ह १.७५.
बीएसए: ब्लँक ०.३६, निगेटिव्ह ०.५, पॉझिटिव्ह १.७.

ओव्हाल्ब्युमिनवर जाते आहे, माशांचं उधार मागणं रोज जमायचं नाही. मार्गदर्शकांना प्लेट दाखवली. ते म्हणाले, "मी म्हणत होतो ना, ब्लॉकिंगचाच प्रॉब्लेम आहे." काय बोलणार! :)

---

जुनाट पिपेट | १७ जुलै, सकाळी ६.३०

वा. आता कटऑफ (किती ओडीच्या वर पॉझिटिव्ह म्हणायचं ती सीमा) ठरवायच्या आधी कंज्युगेट आणि एलपीएसचं चेकरबोर्ड पुन्हा लावा, म्हणजे एकाचं प्रमाण आडव्या आणि दुसऱ्याचं उभ्या ओळींत बदलत नेलेली प्लेट. १:५००० ही दुधाच्या जमान्यातली संख्या आहे. आता कदाचित १:१०००० लाही पॉझिटिव्ह टिकेल आणि कंज्युगेट दुप्पट दिवस पुरेल.

एक सावधगिरी. गावातल्या नमुन्यांत काही निगेटिव्ह ०.४-०.५ ला दिसतील, आणि तुम्ही परत ब्लॉकिंगच्या मागे लागाल. लागू नका. येर्सिनिया एंटेरोकोलिटिका ओ:९ या जंतूच्या एलपीएसची साखळी ब्रुसेलासारखीच असते, त्याची बाधा झालेली शेळी तुमच्या प्लेटवर खरोखरच चिकटते. तो बॅकग्राउंड नाही. कुठल्याही जिलेटिनने तो जायचा नाही. त्याला दुसरी चाचणी लागते.

---

शेळीवाली | १७ जुलै, सकाळी ९.१०

काका, हे लिहून भिंतीवर चिकटवलंय. मनापासून धन्स सगळ्यांना. चेकरबोर्ड आजच.

---

प्राची_दिशा | १७ जुलै, सकाळी ९.२५

तै, त्या दुसऱ्या खोलीतल्या बाटलीचं आणि डब्याचं काय केलंत? लॅबचा डबा चहाला वापरू नका हं, कुणी वापरलेला आठवतो म्हणून सांगते.

---

शेळीवाली | १७ जुलै, सकाळी ९.३१

डबा माणसांच्या सीरमवाल्या मुलीला दिला. तिचा ब्लँक ०.०६ येतो, दृष्ट लागू नये.

---

माळरान | १९ जुलै, दुपारी १.१५

धागा उशिरा पाहिला. मी मेंढ्यांच्या सीरमवर काम सुरू करतोय, नगरकडच्या कळपांतल्या. अँटी-शीप कंज्युगेट मागवलंय. मेंढीला दूध चालेल का?

---

वाफाळता चहा | १९ जुलै, दुपारी १.४०

मेंढी तर शेळीची सख्खी चुलत बहीण. नाही.

---

माळरान | १९ जुलै, दुपारी १.४४

आणि पुढच्या वर्षी म्हशी आहेत.

---

अनघड | १९ जुलै, दुपारी १.५२

अंडी मागवा. दोन डझन.